करणाऱ्याच्या दारात

भंडाऱ्याहून कुठेही निघालो तरी आमचा प्रवास सरळ होत नसे. देवदर्शन, आजोळ, कुणाचं लग्न, मंडई, कारण काहीही असो, आई वाटेत एखाद्या बुरडाच्या, कुंभाराच्या नाहीतर कोष्ट्याच्या दारात थांबणारच. बाबा घड्याळ बघत उभे, आणि आम्ही भावंडं उकडलेले शिंगाडे सोलत पायरीवर. वस्तू हातात आली की आई ती आधी उलटी करायची. खरं काम मागच्या बाजूला दिसतं, असं ती म्हणे. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याआधी जिल्हा पार नवेगावबांधाच्या पलीकडे जाई. एवढ्या मुलखात कोणती वस्तू कुठे चांगली मिळते, हे तिला तोंडपाठ होतं. त्यातल्या काही वस्तू घरात आहेत, काही हरवल्या, काही आता होतच नाहीत. सुचतील तशा लिहिते.

फिरकीचा तांब्या. गावाला निघताना सगळ्यांत आधी हा भरला जाई. फुगीर पोट, गळ्याला आटे, त्यावर फिरवून बसणारं झाकण, झाकणाला धरायला कडी. प्रत्येक झाकण आपापल्या तांब्याशी जुळवून केलेलं. काकूच्या तांब्याचं झाकण आमच्या तांब्यावर कधी बसलं नाही. खडीच्या रस्त्यावर गाडी कितीही उसळो, पिशवीत थेंब सांडत नसे. प्लास्टिकची बाटली आली आणि याचं काम गेलं. आमच्याकडे तो अजून आहे, आटे शाबूत आहेत.

वळकटी. सतरंजीत दुपटी आणि आजीची गोधडी, वरून सुतळी. पाहुण्यांच्या घरी अंथरूण मागावं लागू नये म्हणून आपलं आपण न्यायचं. जुन्या नऊवारीच्या थरांवर घातलेले ते टाके आता दुकानात ‘हस्तकला’ म्हणून विकायला दिसतात. ज्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या ती लुगडी नेसणाऱ्याच उरल्या नाहीत.

रेंगी. माझं आजोळ साकोली तालुक्यात. डांबरी सडक संपली की मामा रेंगी घेऊन उभा असे. धान, शेणखत वाहायला बंडी. माणसांना न्यायला रेंगी, हलकी आणि अरुंद. आत तणीस, तणसावर सतरंजी. गावी पोचलो की मी चाकाजवळ जाऊन उभी राहायची. लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, ते मी तिथेच बघितलं. धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान केलेली असते. गोवऱ्यांचं गोल कडं रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते, घेर वाढतो. मग दोघांतिघांनी सांडशांनी उचलून ती चाकावर उतरवायची, लाकूड धुरायला लागतं न लागतं तोच घागरी ओतायच्या. लोखंड आवळत जातं आणि सुताराने बसवलेला एकेक आरा कुरकुरत आपल्या खाचेत घट्ट होतो. सुताराचं चाक, लोहाराची धाव. दोघांपैकी एकाचंही माप चुकलं तर चाक फुकट. म्हणून त्या दिवशी दोघंही आपापलं काम सोडून एकाच अंगणात असत.

रबरी टायरची बंडी आली, मग घरोघरी मोटरसायकल. रेंगी गेली. पण हलका छकडा मात्र गेला नाही, आणि त्याचं कारण शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला त्या पुन्हा भरवायची मुभा मिळाली, आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. पट भरू लागले तसे छकड्याच्या सुतारालाही पुन्हा बोलावणं येऊ लागलं. मला शर्यत आवडत नाही, बैलाच्या तोंडाचा फेस बघवत नाही. पण त्या बंदीच्या वर्षांत सुताराचा हात कुठे गेला नव्हता, त्याचं काम तेवढं गेलं होतं, हे या एका गोष्टीने मला जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं दुसऱ्या कशानेच दिसलं नाही. या यादीतल्या जवळपास प्रत्येक वस्तूचं तेच आहे.

पत्रावळ. पळसाची पानं, बांबूच्या चोया. मुक्कामाच्या घरी दुपारी बायका ओसरीवर बसून टाचायच्या. पाव्हणी म्हणून आलेली आईही त्यांच्यात. मधलं पान मोठं, त्याच्याभोवती बाकीची एकावर एक चढवत, प्रत्येक टाका पानाच्या शिरेजवळ, म्हणजे पान फाटत नाही. वरण वाहून जाऊ नये म्हणून कडेची पानं किंचित वर घेतलेली. आता लग्नात यंत्रावर दाबलेल्या, चकचकीत कागदाच्या प्लेटा असतात. पळस पूर्वीइतकाच आहे. मार्च महिन्यात साकोलीकडे जाताना दोन्ही बाजूंना तोच पेटलेला असतो.

गुंड. हे भंडाऱ्याचं स्वतःचं. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्येही गावाची ओळख पितळी भांड्यांवरून दिली आहे. गावात शिरलं की ठोक्यांचा आवाज येई, आणि बाहेरगावचे पाहुणे आमच्याकडे आले की परतीच्या सामानात एखादं पितळी भांडं जाईच. गंगाळ, कोपर, परात, कसांडी, गडवा. पण आईच्या मते कारागीर ओळखायचा तो गुंडावरून. बाईने डोक्यावर घेऊन विहिरीवरून पाणी आणायचं ते भांडं. तळ गोल, पोट रुंद, गळा आवळलेला. एका पत्र्यातून तसा आकार निघत नाही. खालचा वाटा वेगळा, वरचा गळ्याचा भाग वेगळा. एकाच्या कडेला कातरीने दाते पाडायचे, एक दाता आत, एक बाहेर वळवायचा, दुसऱ्या भागाची कड त्या फटीत बसवायची आणि ठोकून दाते मिटवायचे. सांध्यावर टाकणखार आणि डागाच्या पितळेचा चुरा लावून भांडं भट्टीत फिरवायचं. या पितळेत जस्त जास्त असतं, म्हणून ते भांड्याच्या आधी वितळतं आणि दात्यांच्या फटींत उतरतं. तो क्षण रंगावरून ओळखायचा. उशीर झाला तर भांडंच बसतं. त्यानंतर पुन्हा मठारायचं, आतून आधार, बाहेरून हातोडी, एका ठोक्याला लागून दुसरा, असं पूर्ण पोटावर.

आमच्या घरच्या गुंडात हात घालून बॅटरीचा उजेड टाकला की मध्यावर ती दात्यांची रेघ दिसते, पिवळ्यात जराशी फिकट पिवळी. आईने ते भांडं घेताना सांध्यावर अंगठा फिरवून बघितला होता. भांडं घडवणारा कारागीर म्हणाला, “बाई, भांडं झिजंल, पन हा डाग सुटनार नाही.” तो सुटलेला नाही.

गुंडाची गरज संपवली ती नळाने, मग स्टीलने. जुनं पितळ मोडीत द्यायचं आणि स्टीलचा चकचकीत डबा घ्यायचा, असं कित्येक वर्षं घराघरांतून चाललं. लेकीच्या आंदणात पितळी भांडी देणं हाच या धंद्याचा खरा आधार होता; आंदणात कूलर आणि कपाट आलं तसा तो तुटला. आता शहरातली हौशी माणसं गुंड घेतात, त्यात वाळलेली फुलं ठेवतात. घेऊ देत, भट्टी तेवढीच पेटते. पण फुलांच्या गुंडाला सांधा पक्का नसला तरी चालतो, आतून गुळगुळीत नसला तरी चालतो. जिथे पाणी भरायचं नाही तिथे गळतं की नाही हे कोण बघणार? गिऱ्हाईकाने अंगठा फिरवणं सोडलं की कारागीरही दाते नीट मिटवणं सोडतो, आणि त्याचा दोष मी कारागिराला देणार नाही.

कल्हई. भाता, कोळसे, नवसागराचा तो नाकात चढणारा पांढरा धूर आणि कथलाचा बोळा फिरताच आरशासारखं होणारं भांड्याचं पोट. कल्हईवाला दारावर येईनासा झाला, म्हणून कितीतरी घरांतली चांगली पितळी भांडी माळ्यावर गेली.

छोटी गाडी. पवनीच्या मावशीकडून नागपूरला जायचं तर पवनी रोड स्टेशनला छोटी गाडी धरायची. नागपूर ते नागभीड अडीच फुटी रूळ, भिवापूर, उमरेड, कुही करत जाणारी. पुठ्ठ्याचं जाड तिकीट, खिडकीतून येणारा मोहाचा वास, आणि भिवापूरला चढणाऱ्या मिरचीच्या पोत्यांनी सगळ्यांना लागणारा ठसका. इतकी हळू चाले की आईला खिडकीतून गावागावांचे कुंभारवाडे ओळखता येत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती बंद झाली, मोठ्या रुळांसाठी. मोठी गाडी हवीच होती. रुग्ण घेऊन नागपूर गाठणाऱ्या माणसाला सावकाश गाडीचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही.

डोंगा आणि डांगरवाडी. हे दोन्ही ढीवरांचे आणि दोन्ही वैनगंगेचे. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली होडी, कुठे जोड नाही, खिळा नाही. पवनीच्या घाटावर तो पालथा पडलेला असे आणि त्याच्या पोटावर वाकसाने तासल्याच्या खुणा ओळीने दिसत. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत डांगरवाड्या. झोपडी, वेल, आणि पात्रातून चालत जाऊन घेतलेली डांगरं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पाणी अडायला पुढे बरीच वर्षं लागली, पण अडल्यावर ते वर थेट भंडाऱ्यापर्यंत आलं. आता भंडाऱ्याजवळ मे महिन्यातही नदी दोन्ही काठ भरून असते. ज्या वाळूवर आम्ही बसून डांगरं खाल्ली ती पाण्याखाली आहे. धरणाने खालच्या शेतांना पाणी दिलं, ते खरं. गावंच्या गावं उठली, तेही खरं. डोंगा कोरायला लागणारं एवढं जाड झाड आता कुणाला तोडताही येत नाही, आणि तोडू नयेच.

ऐनावरचा कोसा. पवनीकडच्या जंगलात ढीवर कुटुंबं ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या चढवतात. तुतीचं रेशीम घरात, टोपल्यांत वाढतं, हे उघड्यावर. त्यामुळे पाखरं, मुंग्या, वटवाघळं यांच्यापासून राखण करायला माणूस झाडाखाली मुक्कामाला. पीक येईपर्यंत अख्खं घर तिथे. आम्ही एकदा बाबांच्या ओळखीने गेलो होतो, आणि एका पोराने फांदीसकट कोसा माझ्या हातावर ठेवला. कोशाला देठ असतो. अळी आधी तो देठ कातते, त्याचं टोक डहाळीभोवती कड्यासारखं आवळते, आणि मग त्याला टांगून घर बांधायला घेते. देठ इतका चिवट की नखाने तुटत नाही. पान गळून पडतं, कोसा लोंबत राहतो. वारा कितीही असो. एवढी गाठ मारायला तिला कुणी शिकवलं, असं आई म्हणाली, आणि तो कोसा तिने पुढे कितीतरी वर्षं शिवणाच्या डब्यात ठेवला.

मांडीवरचं सूत. कोसे खारात उकळायचे, मऊ झाले की चार-पाच कोशांचे धागे एकत्र ओढून बाईने उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत सूत काढायचं. तासन् तास. कातडी सोलवटते, काळी पडते, आणि मोबदला हाती येतो तो अगदीच थोडा. केंद्रीय रेशीम मंडळाने यासाठी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलं, मांडीवरचं सूतकाम बंद व्हावं म्हणून. या यादीतली एवढी एक गोष्ट पूर्ण नाहीशी झाली तर मला आनंद होईल. तो हळुवार, ओबडधोबड पीळ कापडात सुंदर दिसतो हे मला माहीत आहे. त्याची किंमत बाईच्या कातडीने का द्यायची?

करवतीचा काठ. नवरात्रात मोहाडीच्या चौंडेश्वरीला जायचं आणि येताना आंधळगावला, हा आमचा ठरलेला रस्ता. आंधळगाव कोष्ट्यांचं. घरात शिरलं की पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला, आणि वरपासून खालपर्यंत माग. मागे भिंतीशी त्याची आई किंवा बायको कांड्या भरत असे. साडीचं अंग कोशाचं, मधाच्या रंगाचं, कारण तो रंग किड्याचाच, रंगवलेला नाही. काठ मात्र रंगीत, बहुतेक वेळा कुंकवाचा. विणणाऱ्याची सगळी परीक्षा अंग आणि काठ भेटतात तिथे.

एरवी साध्या साडीला एक धोटा पुरतो, या काठापासून त्या काठापर्यंत जाऊन परत येणारा. इथे तीन. डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. अंगाचा धोटा काठाशी येतो, तिथे काठाचा धागा त्याच्यात अडकवून घ्यायचा आणि दोघांनी आपापल्या वाटेने मागे फिरायचं. प्रत्येक ओळीला हे दोन्हीकडे. कोणत्या ओळीला काठ किती आत शिरणार आणि कोणत्या ओळीला मागे येणार, यावर करवतीचा दाता उभा राहतो. ओढ जास्त झाली तर काठ आकसतो, कमी झाली तर तिथे भोक पडतं. म्हणून आई साडीची उलटी बाजू उजेडावर धरायची. चांगल्या करवतीला तिथे लोंबता धागा नसतो, दोन्ही बाजूंनी दाते सारखेच. एका दिवसात वीतभर, फार तर हातभर काम होतं, आणि ते करताना माणूस बोलत नाही. आम्ही मुलं गप्प बसायचो ती फक्त त्याच खोलीत.

करवत काठीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे चांगलंच झालं. बाजारात यंत्रमागावर छापल्यासारखा काढलेला दात्यांचा काठही ‘करवती’ म्हणून विकला जातो, त्याला निदान नावाने अडवता येतं. पण मानांकनाने मुलगा मागावर बसत नाही. तो बसतो वर्षभर मागणी असली तर, आणि पैसे वेळेवर मिळाले तर. आंधळगावच्या ज्या घरी आम्ही जायचो तिथे आता धाकटा भाऊ विणतो. थोरल्याने किराणा दुकान टाकलं. थोरला विणण्यात जास्त हुशार होता.

ढोली. बांबूच्या चटईची, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, धान साठवायची. आजोळी ती माणसापेक्षा उंच होती आणि लपाछपीत आम्ही तिच्याआडच लपायचो. आता धान मळणीयंत्रातून पोत्यात आणि पोत्यातून थेट आधारभूत खरेदी केंद्रावर जातं. घरात ठेवायचं ते दोन पोती. एवढ्यासाठी ढोली कोण विणून घेणार? त्याच बुरडाचं सूप मात्र विकलं जातं. तांदूळ पाखडायला लागतं, लग्नात लागतं. बुरड तोच, हिरवा बांबू तोच, तेच वाकणं. एक वस्तू मरते, दुसरी तगते.

पालथं मडकं. लांब रोटीसाठी कुंभार वेगळं मडकं करतो, जरा जाड, कारण ते चुलीवर पालथं बसतं आणि तापून उलू नये असं लागतं. सैलसर कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि मडक्याच्या पाठीवर पसरायची. पूर्वी ही सणावाराची होती. आता भंडारा-नागपूरकडे बायका ती विकतात, लग्नांत तिचं वेगळं टेबल असतं. मडकी फुटतात, नवी लागतात. कुंभाराचे रांजण गेले, पण हे मडकं जोरात आहे.

तान्ह्या पोळ्याचा बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल ओढत दारोदार जायचं आणि बोजारा गोळा करायचा. आमचा बैल आजोळच्या सुताराने रेंगीच्या उरलेल्या सागातून केला होता. पायाखाली पाटी, पाटीला चार चाकं, वशिंड जरा डावीकडे कललेलं, कारण लाकडाची रेघच तशी होती आणि त्याने ती मोडली नाही. आता मोठमोठे, पॉलिश केलेले बैल स्पर्धेला येतात आणि त्यांना बक्षिसं लागतात. ते देखणे असतात. पण गावच्या सुताराकडे नांगर-जू करायला टाकलेल्या लाकडातून आपल्या मुलासाठी एक बैल करून घ्यायचा, ही रीत गेली, कारण गावात सुतारच नाही.

मंडई. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव तिचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक. आमच्यासाठी मंडई म्हणजे रस्त्याच्या कडेला पोत्यावर मांडलेल्या पावश्या, विळे, सुपं, मडकी, आणि त्यामागे ती करणारा माणूस स्वतः. भाव करताना त्याला प्रश्न विचारता येत. लोखंड कुठलं, बांबू कधी तोडला. आता त्या पोत्यावर प्लास्टिकचे टब असतात आणि विकणाऱ्याला ते कुठून आले हे ठाऊक नसतं. तरी सगळंच गेलेलं नाही. मागच्या मंडईत एक म्हातारा लोहार दिसला, पावश्या घेऊन. माझ्या मुलीने पातं उलटं करून बघितलं, तर त्याने ती तिच्या हातून काढून दुसरी दिली. “ही घे, हिचं पानी चांगलं बसलं.” भाजी चिरायला आम्ही तीच वापरतो.

यंदा दिवाळीनंतर मंडईला जाताना भंडाऱ्यात कल्हईवाल्याकडे कसांडी आणि परात टाकायची आहे. तो आता फक्त बाजाराच्या दिवशी बसतो, म्हणून तेवढं धरून निघावं लागेल. बुरडाला दोन सुपं सांगितली आहेत. आणि आंधळगावला पुतणीच्या लग्नाची करवत. रंग तिने निवडला, हिरवा काठ. धाकट्याने मान हलवली, हिरवं सूत घरात नाही म्हणाला, रंगवून घ्यावं लागेल, महिना दीड महिना जाईल. अर्धे पैसे आधी दिले आहेत.